नास्बिनाल ते सँ-शेली: सतरा किलोमीटरला अख्खा दिवस द्यावा

स्पेनमधल्या सांतियागो या ख्रिस्ती तीर्थक्षेत्राकडे जाणाऱ्या फ्रान्समधल्या जुन्या यात्रावाटेने ले प्युईहून कोंकपर्यंत पायी जाण्याचा तुमचा बेत आहे. त्यातल्या ओब्राक पठारावरच्या टप्प्यात नास्बिनालहून निघून सँ-शेली-दोब्राकला न थांबता त्याच दिवशी सँ-कोम-दोल्त गाठावे का, असे तुम्ही विचारले आहे. पालखीबरोबर दिवेघाट चढून पुणे ते सासवड तुम्ही एका दिवसात चालला आहात, तेव्हा हे साधारण ३३ किलोमीटर तुमच्या पायांना झेपतील यात मला शंका नाही. तरीही असे करू नये, असे माझे ठाम मत आहे. सँ-शेलीचा मुक्काम गाळलात, तर या संपूर्ण वाटेवरचा सर्वांत सुंदर दिवस तुम्ही घड्याळाकडे पाहत काढाल.

वारीत दिंडीचे सामान ट्रकमधून पुढे जाते, चहापाण्याची सोय जागोजागी असते आणि पुढची वाट पुढच्या माणसांवरून कळते. येथे सात-आठ किलोंची सॅक आपल्याच पाठीवर असते. ती पुढच्या मुक्कामी पोचवणाऱ्या गाड्या मिळतात, पण पाणी, खाणे आणि पावसाचे कपडे तरीही जवळ ठेवावेच लागतात. नास्बिनाल ते ओब्राक हे गाव साधारण नऊ किलोमीटर आहे आणि मधल्या कुरणांत दुकान नाही. म्हणून निघण्यापूर्वी नास्बिनालमध्येच पाव, फळे आणि दीड ते दोन लिटर पाणी घ्यावे. फ्रान्सच्या खेड्यांतली दुकाने रविवारी दुपारनंतर आणि पुष्कळदा सोमवारीही बंद असतात, याचा हिशेब आदल्या दिवशीच करावा.

सकाळी निघताना नास्बिनालचे बेसाल्टमधले रोमनेस्क (मध्ययुगीन, गोल कमानींच्या शैलीतले) चर्च अवश्य पाहावे. सह्याद्रीच्या दगडाशी परिचय असलेल्या आपल्यासारख्यांना हे पठारही ज्वालामुखीच्या लाव्ह्याचे आहे, हे लगेच जाणवते. गाव सुमारे ११८० मीटर उंचीवर आहे आणि वाट तेथून हळूहळू १३५० मीटरच्या वर चढते. झाडे विरळ होत जातात, दोन्ही बाजूंना रचीव दगडांच्या बुटक्या भिंती येतात आणि मग एका टप्प्यावर फक्त गवत आणि आकाश उरते. ही वाट बऱ्याच ठिकाणी गुरांच्या हंगामी स्थलांतराचा जुना मार्ग आहे. मे महिन्याच्या अखेरीस ओब्राक जातीच्या गव्हाळ रंगाच्या, काळी किनार असलेल्या डोळ्यांच्या गाई वर चरायला येतात आणि ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत तेथेच राहतात. मधूनमधून दिसणारी दगडी, एकाकी घरे म्हणजे ‘ब्युरों’. पूर्वी गुराखी उन्हाळाभर त्यांत राहून चीज करीत. आज त्यांतली बहुतेक रिकामी आहेत.

वाट थेट कुरणांतून जात असल्यामुळे फाटक उघडले की ते आपल्यामागे नीट लावायचे, हा नियम कसोशीने पाळावा. गाईंबरोबर वासरे असतात, म्हणून आई आणि वासरू यांच्यामधून कधीही जाऊ नये. थोडा वळसा घ्यावा, मोठ्याने बोलू नये आणि धावू तर मुळीच नये. कुंपणाच्या तारांत बहुधा वीज सोडलेली असते, त्यामुळे त्यांना हात लावू नये.

खुणांविषयीही सांगतो. पांढऱ्या पट्टीखाली तांबडी पट्टी दिसली की वाट बरोबर आहे आणि त्याच दोन रंगांची फुली दिसली की ती वाट आपली नाही. झाडे नसल्यामुळे येथे या खुणा कुंपणाच्या खांबांवर आणि दगडांवर असतात, आणि धुके उतरले की पुढचा खांबही दिसत नाही. हे धुके मे किंवा सप्टेंबरमध्येही अचानक येते. अशा वेळी दोन खुणांमधले अंतर सावकाश, खात्री करत चालावे लागते. ३३ किलोमीटरची घाई डोक्यावर असेल, तर नेमके तेच जमत नाही.

ओब्राक गावाचा जन्मच या धुक्यातून आणि बर्फातून झाला. फ्लँडर्सचा अदालार नावाचा सरदार यात्रेदरम्यान येथे लुटारूंच्या आणि पुढे हिमवादळाच्या तावडीतून वाचला आणि त्याने सुमारे ११२० मध्ये यात्रेकरूंसाठी येथे आश्रयस्थान उभारले, अशी परंपरा सांगते. ‘दोमेरी’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या त्या संस्थेत आजाऱ्यांची शुश्रूषा होई, भुकेल्यांना अन्न मिळे आणि वाट चुकलेल्यांसाठी खराब हवेत घंटा वाजवली जाई. ‘चुकलेल्यांना परत बोलाव’ अशा अर्थाचे लॅटिन शब्द त्या घंटेवर कोरलेले होते. फ्रेंच राज्यक्रांतीत ती संस्था संपली, परंतु चर्च उभे आहे. तेथे निदान अर्धा तास शांत बसावे, असे मी प्रत्येकाला आग्रहाने सांगतो, कारण अनोळखी माणसासाठी शतकानुशतके घंटा वाजवत राहणे ही काय गोष्ट आहे, हे त्या जाड भिंतींच्या आत बसल्यावर मनाला खरोखर भिडते.

दुपारचे जेवण ओब्राकमध्येच करावे. बटाटा, ताजे ‘तोम’ चीज, साय, लोणी आणि थोडा लसूण घोटून केलेला, तारा सुटणारा ‘आलिगो’ हा येथला पदार्थ शाकाहारी माणसाला पोटभर होतो. तो बहुधा सॉसेजसोबत वाढतात, म्हणून मागवतानाच ‘मांसाशिवाय’ असे सांगावे. एक गोष्ट कट्टर शाकाहारींनी लक्षात ठेवावी: ते चीज करताना दूध विरजायला वासराच्या जठरातले रेनेट वापरलेले असते. ज्यांना ते चालत नाही, त्यांनी पाव, फळे, सुकामेवा जवळ बाळगावा.

जेवणानंतर उतार सुरू होतो. ओब्राकहून सँ-शेली आठ किलोमीटरांवर, पण सुमारे ५०० मीटर खाली आहे. बेल्व्हेझे या वस्तीजवळ बेसाल्टच्या सुळक्यावर किल्ल्याचे अवशेष दिसतात. पुढे झाडीतली दगडगोट्यांची वाट पावसानंतर निसरडी होते, आणि गुडघ्यांचा खरा कस चढावर नव्हे, तर येथे लागतो. काठ्या असतील तर आता लांबी वाढवून घ्याव्यात. सँ-शेलीत बोराल्द ओढ्यावर यात्रेकरूंचा जुना दगडी पूल आहे. त्यावरच्या क्रूसाच्या पायथ्याशी काठी घेतलेला यात्रेकरू कोरला आहे. १९९८ मध्ये युनेस्कोने फ्रान्समधल्या सांतियागोच्या वाटांना जागतिक वारशाचा दर्जा दिला, तेव्हा ७१ वास्तूंबरोबर वाटेचे सात तुकडेही निवडले. तुमचा हा सतरा किलोमीटरचा टप्पा त्या सातांपैकी एक आहे.

मुक्कामासाठी यात्रेकरूंच्या निवासात, म्हणजे ‘जीत’मध्ये, आधी फोन करून जागा घ्यावी आणि शाकाहाराचे तेव्हाच सांगावे; संध्याकाळच्या पंगतीचा स्वयंपाक मोजून केलेला असतो. मे महिन्यात असेन्शन आणि पेंटेकॉस्ट या ख्रिस्ती सणांच्या सुट्ट्यांना जोडून जागा फार लवकर भरतात. बेत बदलला तर फोन करून जागा सोडावी, म्हणजे ती दुसऱ्या यात्रेकरूला मिळते. बूट दाराशी काढावेत आणि सॅक पलंगावर ठेवू नये, कारण ढेकूण याच मार्गाने पसरतात. दुसऱ्या दिवशी सँ-कोम-दोल्त केवळ १६ किलोमीटरांवर राहते, त्यामुळे पिळवटल्यासारखा कळस असलेले तेथले चर्च आणि जुने गाव तुम्हाला दुपारच्या उजेडात निवांत पाहता येईल.