पाप माझं, मग शिक्षा पोराला का?

थॅलेसेमिया हा रक्ताचा जन्मजात आजार झालेल्या मुलांच्या आया माझ्याकडे समुपदेशनाला येतात तेव्हा आधी रक्त, सुया, प्रवास, खर्च हेच बोलतात. मनातलं बाहेर येतं ते उठता उठता. "मॅडम, माझ्या हातून काही पाप घडलं असेल, त्याचं तर हे फळ नसेल ना?" कुणी त्याला 'भोग' म्हणतं, कुणी 'गेल्या जन्मीचं देणं'. सुनंदाने मात्र हा प्रश्न खुर्चीत बसल्या बसल्याच विचारला. (नाव आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.)

सुनंदा नाशिककडच्या एका गावातली. मुलगा सात वर्षांचा, थॅलेसेमिया मेजर, म्हणजे या आजाराचा गंभीर प्रकार, दर तीन आठवड्यांनी रक्त चढवावं लागतं. डॉक्टरांनी तिला पाठवलं कारण एक तारीख चुकली होती आणि पोराचं हिमोग्लोबिन सहावर आलं होतं. तारीख चुकली ती त्र्यंबकेश्वरच्या नारायण नागबळीमुळे. तो विधी तीन दिवसांचा, त्याच्या आधी पैशांची जुळवाजुळव, आणि नेमके तेच दिवस रक्ताचे होते. विधी सुचवला होता एका ज्योतिषाने. लग्नानंतर वर्षभरातच सुनंदाला दिवस गेले होते, तेव्हा डी.एड.चं शेवटचं वर्ष चालू होतं. नवराबायकोने मिळून गर्भपाताचा निर्णय घेतला आणि सासूला कळू दिलं नाही. १९७१च्या कायद्याने मान्य असलेली, रीतसर दवाखान्यात झालेली गोष्ट. ती तिने ज्योतिषाला स्वतःच सांगितली होती आणि त्याने तिला नाव दिलं: भ्रूणहत्येचा दोष.

"डॉक्टर म्हणतात जनुकांमुळे होतं," ती म्हणाली. "ते पटतं. पण मॅडम, हीच जनुकं माझ्याच पोराच्या वाट्याला का?"

हा प्रश्न अडाणीपणाचा नाही. आजार कसा झाला ते विज्ञान सांगतं, 'मलाच का' याचं उत्तर ते देत नाही. ती जागा रिकामी राहते आणि कर्म तिथे येऊन बसतं. म्हणून "असलं काही नसतं हो, मनातून काढून टाका" हे वाक्य मी वापरत नाही. त्याने बाईचं तोंड तेवढं बंद होतं. शिवाय अपराधीपणातून माणसाला काहीतरी मिळत असतं. माझ्यामुळे झालं असेल तर माझ्या हातून फिटेलही, उपास, नवस, नागबळी, काहीतरी करता येईल. काहीच कारण नसताना पोराला हे झालं, हे त्याहून भयंकर वाटतं. रॉनी यानोफ-बुलमन या मानसशास्त्रज्ञ बाईंनी १९७९ मध्ये स्वतःला दोष देण्याचे दोन प्रकार वेगळे काढले होते. 'माझं अमुक वागणं चुकलं' हा एक आणि 'मीच तशी आहे' हा दुसरा. पहिल्यात निदान पुढे वेगळं वागता येईल अशी आशा असते, दुसऱ्यात माणूस खचत जातो. सुनंदा पहिल्यावरून दुसऱ्याकडे घसरत चालली होती. "मी पापीच आहे" हे तिने एका तासात कितीदा तरी म्हटलं.

मी तिच्याकडून फाइल मागून घेतली. त्यात नवराबायको दोघांचे जुने रिपोर्ट होते, एचबीए-२ (हिमोग्लोबिनचाच एक प्रकार) तिचं ५.१ टक्के, त्याचं ४.९. साडेतीनच्या वर गेलं की बहुधा माणूस थॅलेसेमिया मायनर निघतो, म्हणजे स्वतः धडधाकट पण जनुक बाळगणारा. कागदावर चार चौकोन काढले. दोघं मायनर असतील तर प्रत्येक गर्भारपणात चारात एक शक्यता मेजरची, दोन मायनरच्या, एक पूर्ण निरोगी मुलाची. आधीच्या गर्भपाताने या चौकोनांत काही बदलत नाही. तिने चौकोनांवर बोट फिरवलं आणि म्हणाली, "म्हणजे चिठ्ठ्या टाकल्यासारखं."

"हो. आणि चिठ्ठ्या दोघांच्या."

त्यावर ती बराच वेळ नवऱ्याचा रिपोर्ट बघत बसली. मला दरवेळी याचंच नवल वाटतं. जनुकं दोघांची, गर्भपाताचा निर्णय दोघांचा, पण ज्योतिषापुढे पापांची यादी एकट्या बायकोची. पुढच्या वेळी मी नवऱ्यालाही बोलावलं. तो कोपऱ्यात बसून होता. शेवटी म्हणाला, "मी म्हटलंच नाही की हिचं पाप आहे." नव्हतंच म्हटलं त्याने. पण नाही, असंही कधी म्हटलं नव्हतं. ते त्याला मी बोलून दाखवलं.

खरी अडचण मात्र पुढेच होती. रक्त चढत असताना पोराने सिस्टरला विचारलं, "मी मागच्या जन्मी कुणाचं रक्त सांडलं होतं?" घरात आजी शेजारणीशी बोलत असे, तेच त्याच्या कानावर पडलं होतं. प्रौढांच्या श्रद्धेशी मी जुळवून घेते. सात वर्षांच्या मुलाला गुन्हेगार ठरवणाऱ्या वाक्याशी नाही. आजींना यायचा निरोप दिला.

आजी माळकरी, रोज पोथी वाचणाऱ्या. त्यांना जनुकं सांगण्यात अर्थ नव्हता. मी विचारलं, "आजी, अणीमांडव्याची गोष्ट आठवते?"

"सुळावरचा ऋषी ना?" आजींनीच सांगायला घेतली. महाभारताच्या आदिपर्वातली गोष्ट. मांडव्य मौन धरून बसले असताना चोरांनी त्यांच्या आश्रमात चोरीचा माल दडवला, राजाने ऋषींनाच सुळावर चढवलं. ते वाचले, पण सुळाचं टोक अंगातच राहिलं. त्यांनी यमधर्माला जाब विचारला की हे कशाचं फळ? धर्म म्हणाला, लहानपणी तू किड्यांना गवताच्या काड्या टोचल्या होत्यास.

"मग ऋषी काय म्हणाले?"

आजी थांबल्या. "म्हणाले, एवढ्याशा गुन्ह्याला एवढी शिक्षा? जा, तू माणूस होशील. तोच विदुर."

"आणि चौदा वर्षांचं?"

"हां. चौदा वर्षांपर्यंत पोराने काहीही केलं तरी पाप लागणार नाही, अशी मर्यादा ऋषीने घालून दिली." मग मला काही बोलावं लागलं नाही. आजींनी पदर डोळ्यांना लावला आणि म्हणाल्या, "मी पोरापुढे बोलायला नको होतं."

गोष्टीत चौदा वर्षं याच जन्मातली आहेत, मागच्या जन्मातली नाहीत, असा मुद्दा एखादा पंडित काढेल. काढू दे. मला त्यातली दुसरीच गोष्ट मोलाची वाटते. परंपरेतला ऋषी प्रत्यक्ष धर्मराजाला 'तुझा हिशोब चुकला' म्हणून सुनावतो आणि शिक्षा धर्मराजालाच भोगावी लागते. कर्माच्या नावाने पोराकडे बोट दाखवणाऱ्या शेजारणीला हे माहीत नसतं. बौद्ध कुटुंबं येतात तेव्हा मी संयुत्त निकाय या पाली ग्रंथातलं सीवक सुत्त काढते. सगळं सुखदुःख पूर्वकर्मानेच होतं का, असं विचारल्यावर बुद्ध तिथे पित्त, कफ, वात, तिन्हींचं एकत्र बिघडणं, ऋतुबदल, हेळसांड, बाहेरून झालेला आघात अशी कारणं सांगतात आणि कर्म आठवं येतं.

सुनंदाशी शेवटी जे ठरलं ते साधं होतं. आपल्याकडे संचित, प्रारब्ध आणि क्रियमाण असे तीन भाग सांगतात. पहिल्या दोघांत कुणाला डोकावता येत नाही, ज्योतिषालाही नाही. क्रियमाण म्हणजे आज हातून होतंय ते, आणि ते तिला वहीत लिहायचं होतं. रक्ताची तारीख, त्याआधीचं हिमोग्लोबिन, फेरिटिनचा, म्हणजे साठलेल्या लोहाचा अंदाज देणारा, आकडा, शरीरात साठणारं लोह काढायची गोळी दिली की नाही. कुणी प्रेमाने लोहाचं टॉनिक आणून दिलं तर ते बाजूला ठेवायचं, कारण या मुलांना लोह आधीच जास्त असतं. पूजा करायची तर खुशाल करा, पण रक्ताची तारीख आधी. गर्भपाताबद्दल ती आणखी काही बैठका बोलली, नवऱ्यासमोर एकदा मोकळेपणी रडली. सासूला अजून सांगितलेलं नाही, आणि सांगायलाच हवं असं मला वाटत नाही.

ती अजूनही अधूनमधून 'भोग' म्हणते. मी अडवत नाही. झोप उडाली, जेवण तुटलं, पोराचं औषध थांबलं किंवा 'मी नसलेलीच बरी' असं मनात आलं, तर मात्र थांबू नका. जवळच्या दवाखान्यात बोला किंवा टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनला १४४१६ वर फोन करा. मराठीत बोलता येतं.

दुसरं मूल हवं असेल तर दहाव्या ते बाराव्या आठवड्यात गर्भाची तपासणी होऊ शकते, हे दोघांना सांगितलंय. सध्या धाकट्या दिराचं लग्न ठरतंय. त्याचा रिपोर्ट मायनर आलाय, म्हणजे मुलीचीही तपासणी हवी. मुलीकडच्यांशी हा विषय कसा काढायचा, ते विचारायला गुरुवारी आजी स्वतः येणार आहेत.