वाचकांचे प्रश्न : चाकारेरा वॉल्ट्झसारखी का वाजते?

प्रश्न : आम्ही दोन व्हायोलिन, व्हायोला, चेलो आणि बँडोनिऑन (भाता आणि बटणं असलेलं वाद्य) असे पाच जण आहोत. अर्जेंटिनातल्या सांतियागो देल एस्तेरो प्रांतातली चाकारेरा, म्हणजे तिथल्या लोकनाचाचं संगीत, बसवतोय. सूर बरोबर, लय पक्की, तरी ऐकणारे ‘वॉल्ट्झ छान झाला’ म्हणतात!

उत्तर : आधी चेलोची ओळ तपासा. चाकारेराच्या एका मापात, म्हणजे तालाच्या एका फेरीत, सहा छोट्या मात्रा असतात. चाल त्यांचे तीन-तीनचे दोन गट करते आणि खालचा ठेका त्याच सहांचे दोन-दोनचे तीन. चेलो दर मापात पहिल्या मात्रेवर ठाम बसला, की कानाला एवढंच उरतं : एक जड, दोन हलक्या. म्हणजे वॉल्ट्झच.

बोम्बो लेगुएरो या ढोलाचे खोल ठोके लक्ष देऊन ऐका. ते तिसऱ्या आणि पाचव्या मात्रेवर पडतात, पहिली मोकळी असते. चेलोला हेच द्या : पहिल्या दोन मात्रा गप्प, मग ३ आणि ५ वर पिझिकातो, म्हणजे बोटाने तार छेडणं. ढोलाच्या लाकडी कडेवरची टकटक व्हायोलाला द्या; गजाच्या दांडीने तारांवर १ आणि ४ ला हलके ठोके पुरतात. जोर लावला तर दोन्ही हिशेब एकमेकांना झाकतात.

तालीम वाद्यं खाली ठेवून करा. पायाने १ आणि ४, टाळीने १, ३, ५. हे अंगात भिनलं की टाळीतली १ गाळा. पहिल्यांदा पायाखालची जमीन सरकल्यासारखं वाटेल आणि चेलोवादक नकळत पुन्हा १ वर येईल. घाईने लय वाढवली की हमखास हेच होतं, म्हणून आठ मापं न चुकता जमेपर्यंत संथच राहा. ती मोकळी १ हाच या नाचाचा प्राण आहे.

प्रश्न : चाल बँडोनिऑन आणि पहिलं व्हायोलिन एकत्र वाजवतात, तर व्हायोलिन ऐकूच येत नाही. शिवाय वादक मध्येच अडखळतो.

उत्तर : बँडोनिऑनमध्ये एक बटण दाबलं की आतल्या धातूच्या दोन पट्ट्या वाजतात, मूळ स्वर आणि त्याच्या वरच्या सप्तकातला. व्हायोलिनची जागा त्यामुळे आधीच भरलेली असते. बँडोनिऑनची चाल एक सप्तक खाली न्या किंवा दोघांना सवाल-जवाबासारखी वाटून द्या. दुसरा उपाय जास्त चांगला, कारण त्यात भात्यालाही उसंत मिळते.

अडखळण्याचं मूळ भात्यातच आहे. टँगोत रुळलेल्या १४२ स्वरांच्या बँडोनिऑनला उजवीकडे ३८ आणि डावीकडे ३३ बटणं असतात, आणि बहुतेक बटणं भाता उघडताना एक स्वर देतात, मिटताना दुसरा. म्हणजे दोन बाजू आणि दोन दिशा मिळून वादकाच्या डोक्यात बटणांचे चार नकाशे. बरेच टँगोवादक मुख्य वाक्य उघडतानाच घेतात आणि मग उजव्या अंगठ्याखालची हवेची कळ दाबून भाता झटकन मिटतात. त्या झटक्याला तुमच्या लिखाणात जागाच नसेल, तर त्याला वाक्याच्या मध्यात दिशा बदलावी लागते. दर दोन-चार मापांनी निदान एका छोट्या मात्रेची विश्रांती लिहा. डाव्या हाताचे खर्जातले एकदम वाजणारे चार-चार स्वरांचे संघात हवा भराभर खातात. चेलो आहे ना, खर्ज त्याच्याकडे सोपवा आणि डाव्या हाताला दोन स्वर ठेवा. भात्याच्या दिशेचे बाण मात्र स्वतः काढू नका, ते वादकाचं काम.

प्रश्न : तंतुवाद्यं ४४० हर्ट्झला लावली, तरी बँडोनिऑनशी घासतात.

उत्तर : पुष्कळ बँडोनिऑन ४४२ ला लावलेले असतात, आणि धातूच्या पट्ट्या आयत्या वेळी बदलता येत नाहीत. बँडोनिऑनवादकाकडून ‘ला’ (इंग्रजी A हा स्वर, ज्याच्या कंपनांचे हे आकडे आहेत) घ्या आणि चौघांनी तारा त्यालाच जुळवा. तो स्वर मध्यम जोराने वाजवायला सांगा; भात्यावर फार दाब दिला की, विशेषतः खर्जात, सूर किंचित उतरतो.