मेजर स्ट्रासर खरोखर नाझी होता का?

प्रश्न : 'कॅसाब्लांका' नुकताच पाहिला. त्यातला नाझी अधिकारी मेजर स्ट्रासर इतका अस्सल वाटला, की हा नट स्वतःच नाझी होता की काय अशी शंका आली. खुलासा कराल का?
– एक वाचक, सांगली

उत्तर : नव्हता. उलट नाझींमुळेच त्याचा देश सुटला. तुमच्यासारखी शंका मलाही आली होती. मी तेव्हा एकोणीस वर्षांची होते. फिल्म सोसायटीचा खेळ संपल्यावर प्रोजेक्टर चालवणाऱ्या काकांना मी हेच विचारलं, आणि रीळ डब्यात घालता घालता त्यांनी मला कॉनराड फाइटची गोष्ट सांगितली.

फाइट जन्माने बर्लिनचा, १८९३ सालचा. १९२०च्या 'द कॅबिनेट ऑफ डॉक्टर कॅलिगारी'मुळे त्याचं नाव जर्मनीबाहेर गेलं. मूकपटांच्या काळात हॉलिवूडने त्याला बोलावून घेतलं, पण बोलपट आले आणि त्याचं इंग्रजी जेमतेम होतं, म्हणून १९२९मध्ये तो परतला. १९३३मध्ये हिटलर सत्तेवर आला. आता चित्रपटात काम करायचं तर फॉर्मवर वंश लिहून द्यावा लागे. फाइट ज्यू नव्हता, त्याची बायको लिली ज्यू होती. त्या रकान्यात त्याने स्वतःपुढे लिहिलं : ज्यू. नुकतंच लग्न झालेलं ते जोडपं मग इंग्लंडला निघून गेलं. इतकं मोठं नाव होतं त्याचं. गप्प राहिला असता तर जर्मनीत त्याला काहीच कमी पडलं नसतं. म्हणून त्याच्या सगळ्या भूमिकांपेक्षा तो एक शब्द मला मोठा वाटतो.

इंग्लंडमध्ये तो इंग्रजी शिकला, १९३९मध्ये ब्रिटिश नागरिक झाला. तेवढ्यात युद्ध पेटलं. 'द थीफ ऑफ बगदाद'चं चित्रण इंग्लंडमध्ये अर्धवट राहिलं आणि ते पुरं करायला मंडळी हॉलिवूडला गेली. त्यात फाइट दुष्ट वजीर जाफर, तर छोटा चोर अबू म्हणजे म्हैसूरकडच्या माहुताचा मुलगा साबू. फाइट मग तिथेच राहिला आणि तिथे त्याच्या वाट्याला नाझीच आले. १९४२च्या 'नाझी एजंट'मध्ये तर त्याने जुळे भाऊ रंगवले : एक नाझी, दुसरा त्यांच्या विरोधातला.

'कॅसाब्लांका'तला कॅफेमधला प्रसंग पुन्हा पाहा. स्ट्रासर आणि त्याचे अधिकारी जर्मन गाणं म्हणत असतात आणि सगळा कॅफे फ्रान्सचं राष्ट्रगीत गाऊन त्यांचा आवाज बुडवतो. गाणाऱ्यांतले कितीतरी जण खरोखरच युरोपातून जीव वाचवून आलेले होते. ज्याचा आवाज ते बुडवत होते, तोही त्यांच्यातलाच.

३ एप्रिल १९४३ला लॉस एंजेलिसमध्ये गोल्फ खेळताना हृदयविकाराने तो गेला. वय अवघं पन्नास. पुढच्या मार्चमध्ये 'कॅसाब्लांका'ला सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं ऑस्कर मिळालं. ते त्याने पाहिलं नाही, हिटलरचा पराभवही नाही.

प्रश्न : जुन्या मूकपटांतला एखादा, नटासाठी म्हणून पाहावा असा चित्रपट सुचवा.
– एक वाचक, चिपळूण

उत्तर : वर फाइटचा विषय निघालाच आहे, तर त्याचाच 'द मॅन हू लाफ्स' (१९२८). लहानपणी चेहरा कापून कायमचं हसू कोरलेला माणूस त्याने केला आहे. बॅटमॅनच्या जोकरचा चेहरा त्याच्याच छायाचित्रावरून सुचला. ओठांच्या कडा आकड्यांनी मागे ओढलेल्या, त्यामुळे तोंडाने काहीच करता येत नाही. तुम्ही त्याचे डोळे बघा. खाली दात दिसत असतात आणि वर तो रडत असतो.