सेटलमेंट झालं म्हणजे कर्ज फिटलं का?

प्रश्न: दादा नमस्कार, 2020 च्या लॉकडाऊनमध्ये मिस्टरांचं काम सुटलं आणि माझ्या क्रेडिट कार्डाचे 62 हजार थकले. वसुलीवाल्यांचे सारखे फोन, शेवटी तेच म्हणाले 28 हजार भरा विषय मिटवू. भरले, पत्रही मिळालं. आता होम लोनला गेलो तर सिबिल स्कोअर (कर्ज फेडण्याच्या सवयीचे गुण) 640 म्हणून परत पाठवलं. एक एजंट म्हणतो 12 हजार द्या, महिन्यात 780 करून देतो. देऊ का?
— एक वाचक, सांगली

उत्तर: ताई, त्या एजंटला एक रुपया देऊ नका. सिबिलला स्वतःच्या मनाने तुमची नोंद बदलताच येत नाही, बँक जे कळवते तेच तिथे दिसतं, मग हा बाबा 12 हजारात काय खोडणार आहे?

खरी गोम त्या पत्रात आहे. काढून बघा, त्यात बहुतेक ‘सेटल्ड’ लिहिलेलं असेल, ‘क्लोज्ड’ नाही. तुमच्या लेखी विषय मिटला पण बँकेच्या लेखी 34 हजार सोडून द्यावे लागले आणि पुढची बँक नेमकं तेच वाचते. फोनवर हे कुणी सांगत नाही, त्यांना महिनाअखेरची वसुली दाखवायची असते (हे माझं मत, पण बरंच बघून झालेलं).

आधी क्रेडिट रिपोर्ट, म्हणजे तुमच्या कर्जांच्या नोंदींचा कागद, काढा. सिबिल, एक्सपीरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क अशा चार कंपन्या आहेत, प्रत्येकीने वर्षातून एकदा पूर्ण रिपोर्ट फुकट द्यायचा असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे, आणि स्वतःचा रिपोर्ट बघून स्कोअर कमी होत नाही. मग कार्डवाल्या बँकेला ईमेल करा की उरलेली रक्कम भरायची तयारी आहे, व्याज-दंड सोडून किती होतात ते सांगा. घासाघीस करा, चालते. पण पैसे भरल्यावर ‘क्लोज्ड’ कळवू असं लेखी आल्याशिवाय भरू नका, आणि भरल्यावर नो ड्यूज (काही बाकी नाही असं पत्र) घ्या. तरी नोंद बदलली नाही तर तक्रार टाका, 30 दिवसांत निकाल लागला नाही तर पुढच्या प्रत्येक दिवसाला 100 रुपये भरपाई मिळते.

स्कोअर लगेच उडी मारणार नाही हां, काही महिने लागतीलच. तोवर एफडी तारण ठेवून छोटं क्रेडिट कार्ड घ्या, लिमिटच्या 30 टक्क्यांच्या आत वापरा आणि पूर्ण बिल भरा, नुसता मिनिमम ड्यू नको. आणि इथे नाही झालं म्हणून दुसऱ्या-तिसऱ्या बँकेत लगेच अर्ज टाकत सुटू नका, प्रत्येक अर्जाची चौकशी रिपोर्टवर दिसते.

होम लोन दोघांच्या नावावर घेणार असाल तर मिस्टरांचाही रिपोर्ट आत्ताच काढा, कुठे मित्राला जामीन राहिले असतील तर तेही त्यात निघतं.