महिलांसाठी काम करणाऱ्या कार्यकर्तीने नगरसेविका व्हावं का? मूळ काम सुटतं का?

तुम्ही लिहिलंय की दहा वर्षं महिलांच्या संस्थेत काम केलंत, आता वस्तीतले लोक पालिकेला उभ्या राहा म्हणून मागे लागलेत, आणि धास्ती ही की गटार-पाण्यात अडकून बायकांचं काम सुटेल. मी स्वतः कधी उभी राहिले नाही. पण मुंबईच्या उपनगरात समुपदेशन केंद्रात पंधरा वर्षं काढली, नगरसेवकांच्या ऑफिसात भरपूर खेटे घातले. मला तरी ही दोन वेगळी कामं कधी दिसली नाहीत.

आमच्याकडे एक बाई आली होती, मनगट सुजलेलं. तक्रार लिहून घेताना विचारलं, भांडण कशावरून? म्हणाली, "पाण्यावरून." पहाटे साडेतीनला नळ यायचा, जेमतेम चाळीस मिनिटं. त्या दिवशी तिला जागच आली नाही. फॉर्मवर कारणाच्या रकान्यात दारू, संशय, हुंडा एवढंच छापलेलं. मी 'इतर'वर खूण केली.

मुंबईच्या समाजवादी नेत्या मृणाल गोरेंचं उदाहरण सगळेच देतात, पण बहुतेकांना त्यांचा महागाईविरुद्धचा लाटणं मोर्चाच आठवतो. त्याच्या आधीची वर्षं बघा. डॉक्टरकीचं शिक्षण सोडून त्या समाजवादी चळवळीत आल्या, गोरेगावात काम सुरू केलं. १९५८ साली पती केशव गोरे गेले, पदरी लहान मुलगी. १९६१ला त्या मुंबई महापालिकेत निवडून आल्या आणि पाण्याच्या मागे लागल्या. झोपडी बेकायदा म्हणून तिथल्या माणसांना पाणीही नाही, हे त्यांनी चालू दिलं नाही. 'पाणीवाली बाई' हे नाव तिथून पडलं, ते कुणी प्रचारासाठी शोधून काढलेलं नव्हतं.

१९७२च्या सुमारास तेल, साखर, रॉकेल मिळेना, तेव्हा अहिल्या रांगणेकर, तारा रेड्डी आणि गोरे, म्हणजे दोन कम्युनिस्ट पक्षांच्या आणि एक समाजवादी, एकत्र आल्या आणि हजारो बायका लाटणी घेऊन, थाळ्या बडवत रस्त्यावर उतरल्या. (पुरुष पुढाऱ्यांना हे जमलं असतं का, शंकाच आहे.) इतक्या बायका एका हाकेला येतात, कारण आधी कुणीतरी त्यांच्या नळासाठी भांडलेलं असतं. १९७७ला गोरे लोकसभेत गेल्या, इंदिरा गांधी हरल्या. 'पाणीवाली बाई दिल्लीत, दिल्लीवाली बाई पाण्यात' ही घोषणा तेव्हाची. पुढे विधानसभेत आल्यावर गर्भलिंग चाचणीविरुद्ध त्या लढल्या. महिला संघटनांचा रेटा होताच. १९८८ला महाराष्ट्रात कायदा झाला, देशात पहिला. केंद्राचा १९९४ला आला.

आता काळ वेगळा आहे. २०११पासून महाराष्ट्रात पालिकांत बायकांना ५० टक्के जागा आहेत, पण आरक्षण सोडतीने ठरतं. पाच वर्षं राबून बांधलेला वॉर्ड पुढच्या खेपेला दुसऱ्याच प्रवर्गात जाऊ शकतो. दुसरी गोष्ट 'पतीराज'. एकदा मी तीन बायकांना घेऊन संडासाच्या दुरुस्तीसाठी एका नगरसेविकेकडे गेले होते. बाई समोर बसलेल्या, आमचं नीट ऐकतही होत्या. पण अर्ज हातात घेतला तो शेजारी बसलेल्या यजमानांनी, वाचलाही त्यांनीच, "बघतो" म्हणालेही तेच. बाईंनी आम्हाला चहा दिला. राग त्यांचा नाही आला, स्वतःचाच आला: मीही नकळत त्या गृहस्थांकडे बघूनच बोलत होते.

तेव्हा उभ्या राहणार असाल तर राहा, पण ऑफिसचा फोन आणि पोच देण्याचा शिक्का कुणाच्या हातात असेल ते घरी आधीच बोलून घ्या. आणि संस्थेतून बिनपगारी रजा मिळत असेल तर ती घ्या, राजीनामा देऊ नका. सोडतीचं काही सांगता येत नाही.