मुलीला मुळांवरच्या बुरशीचा अभ्यास करायचा आहे

सप्रेम नमस्कार.

आपली कन्या पुण्यात अकरावी शास्त्र शाखेत शिकते, सासवडजवळ आपली अंजीर-सीताफळाची बाग आहे आणि मायकोरायझावर, म्हणजे झाडाच्या मुळांशी जोडून राहणाऱ्या बुरशीवर, काम करणाऱ्या एका शास्त्रज्ञाविषयी वाचल्यापासून ती नीटचा क्लास सोडून ‘मला हेच करायचे आहे’ असे म्हणते. ‘बुरशीचा अभ्यास करून पोट भरेल का?’ असे आपण विचारले आहे. प्रश्न रास्त आहे, पण तिला नेमके काय खुणावते आहे हे समजल्याशिवाय त्याचे उत्तर देता येणार नाही.

बुरशी म्हटले की बागायतदाराला तांबेरा आणि मर आठवते. ही बुरशी मात्र मुळाशी भागीदारी करते. स्फुरद (फॉस्फरस) मातीत फारसा हलत नाही, त्यामुळे मुळाच्या अगदी लगतच्या मातीतला स्फुरद उचलून झाला की पलीकडे असूनही तो पिकाच्या हाती लागत नाही; तेथे मुळावरील केसांहूनही बारीक असे बुरशीचे तंतू काही सेंटिमीटर पुढे जाऊन तो आणतात आणि मोबदल्यात झाडाकडून साखर व स्निग्ध पदार्थ घेतात. वनस्पतिशास्त्रज्ञ मारिया हॅरिसन यांच्या गटाने २००२ मध्ये लसूणघासाच्या जातकुळीतील एका वनस्पतीत हा स्फुरद पेशीच्या आत घेणारे प्रथिन दाखवले, आणि ते नसेल तर मुळाच्या पेशीत पसरलेल्या बुरशीच्या फांद्या अकाली मरतात, हे २००७ मध्ये सिद्ध केले. माल पोचला नाही तर झाड भागीदारी मोडते, असाच याचा अर्थ. सतरा वर्षांच्या मुलीला हे वाचून झोप लागली नाही, तर मला त्यात नवल वाटत नाही.

मात्र या कामातला दिवस कसा जातो, हेही तिने पाहायला हवे. मुळे धुवायची, सेंटिमीटरभराचे तुकडे करायचे, कॉस्टिक पोटॅशच्या द्रावणात तापवून रंगहीन करायचे, ट्रायपान ब्लू या निळ्या रंगाने रंगवायचे आणि सूक्ष्मदर्शकाखाली एकेक तुकडा मोजायचा. ही बुरशी जिवंत मुळाशिवाय वाढत नाही, म्हणून ती झाडासह कुंडीत महिनोन्‌महिने सांभाळावी लागते.

म्हणून येत्या पावसाळ्यात तिला घरीच एक प्रयोग करू द्यावा. बांधावरची, खत न पडलेली माती घेऊन तिचे दोन भाग करावेत, त्यातली बुरशी मरावी म्हणून एक वाफवून घ्यावा, दुसरा तसाच ठेवावा आणि दोन्हींत कांदा व मोहरी लावावी. कांद्याला या बुरशीचा मोठा आधार असतो, मोहरी तिच्याशी भागीदारीच करत नाही. त्यामुळे फरक कोणत्या पिकात पडतो, ते पाहण्यासारखे ठरेल. वाफेने मातीतले जिवाणूही मरतात, मग फरक बुरशीमुळेच पडला हे कशावरून, हा प्रश्न तिला आपणहून पडला, तर ती संशोधनाकडे वळायला योग्य आहे, असे मी मानेन. त्यावरचा उपाय तिला सांगू नका, शोधू द्या.

मार्ग पुण्यातच आहेत. पेशीत काय घडते याची ओढ असेल, तर पाषाणची आयसर ही विज्ञान शिक्षण व संशोधन संस्था (प्रवेश तिच्या स्वतंत्र अभिरुची चाचणीतून), किंवा वनस्पतिशास्त्र वा सूक्ष्मजीवशास्त्रात बीएस्सी आणि मग विद्यापीठात एमएस्सी. ओढ शेताची असेल, तर सीईटी देऊन कृषी महाविद्यालय. आघारकर संशोधन संस्थेत बुरशींचा राष्ट्रीय संग्रह आहे, हेही तिला सांगा. नीटसाठी केलेला जीवशास्त्राचा अभ्यास या परीक्षांनाही उपयोगी पडतो. तेव्हा क्लास आज सोडण्याची घाई नको.

आता पोटाचे. राष्ट्रीय पात्रता परीक्षेतून कनिष्ठ संशोधन छात्रवृत्ती मिळाली, तर २०२३ पासून दरमहा ३७,००० रुपये अधिक घरभाडे मिळते. पीएचडीला साधारण पाच वर्षे लागतात, त्यामुळे स्थिर नोकरी तिशीच्या आसपास धरावी. कायम पदे थोडी आहेत, हे लपवण्यात अर्थ नाही. जैविक खतांच्या उद्योगात गुणवत्ता तपासणीची कामे असतात. आपण दुकानातून ‘व्हॅम’, म्हणजे याच बुरशीचे जैविक खत, आणत असाल, तर त्यात जिवंत बीजाणू किती, हे तपासणारे माणूस लागतेच. आपण वयाच्या तिशीपर्यंत तिला आधार देऊ शकता का, याचा हिशेब मात्र घरात बसून, तिच्यासमोर करावा.

कांदा दोन-अडीच महिन्यांचा झाला की रोपे उपटू नका, कुंडी पाण्यात बुडवून माती सोडवा. बारीक मुळे तुटली तर पाहण्यासारखे काहीच उरत नाही. तिची वही घेऊन दोघेही भेटायला या.