इंडी रॉक अल्बम ऐकायला घेताना

इंडी रॉक म्हणजे मोठ्या संगीत कंपन्यांबाहेर वाढलेलं रॉक संगीत. सुरुवात पेव्हमेंट या बँडच्या ‘स्लँटेड अँड एन्चँटेड’ने (1992) करा. 2002 ची दोन डिस्कची आवृत्ती मिळाली, तर आधी मूळ 14 गाणीच ऐका; पुढचा जोडमाल लगेच ऐकला की अल्बमचा आकार हरवतो.

गाइडेड बाय व्हॉइसेसचा ‘बी थाउजंड’ (1994) लावला की अनेकांना प्रत खराब आहे असंच वाटतं. तसं नाही. तो बराचसा घरगुती चार-ट्रॅक टेप रेकॉर्डरवर ध्वनिमुद्रित झालाय, खरखर त्यातलीच. 20 गाणी, बरीचशी दोन मिनिटांच्या आतली, त्यामुळे शफल बंद ठेवून सलग ऐका. चाली दुसऱ्या-तिसऱ्या फेरीत उलगडतात, आणि काय चाली आहेत!

माय ब्लडी व्हॅलेंटाइनच्या ‘लव्हलेस’मध्ये (1991) गायन मुद्दाम गिटारांखाली दाबलेलं आहे. शब्द शोधू नका. बँडचा गिटारवादक केव्हिन शील्ड्स ट्रेमोलो आर्म (गिटारच्या तारांचा ताण बदलणारा दांडा) हातात धरूनच वाजवतो, म्हणून सूर सतत डुलतात. फोनच्या स्पीकरवर याचा नुसता चिखल होतो, हेडफोन हवेत. क्रॉसफेडही (एक गाणं संपता संपता पुढचं त्यावर चढवणारी सेटिंग) बंद करा, नाहीतर गाण्यांना जोडणारे छोटे तुकडे कापले जातात.

बिल्ट टू स्पिलचा ‘परफेक्ट फ्रॉम नाउ ऑन’ (1997) मात्र नंतरसाठी ठेवा: आठच गाणी, पण लांबलचक.